खोलीचे पाच रुक्न

इगीर गावात बालवाडी आली ती लॉरीतून, खोक्यांत बसून. लहबीबच्या दुकानासमोर लॉरी थांबली, ड्रायव्हरनं खोकी उतरवली, सही मागितली आणि निघून गेला. लहबीब एकाच दुकानात तीन गोष्टी ठेवायचा : गॅसच्या टाक्या, चहा-साखर आणि गावच्या मंडळाचं अध्यक्षपद. त्यानं आधी सही केली आणि मग खोक्यांवर काय लिहिलंय ते वाचून घ्यायला सी अय्यादांना बोलावणं धाडलं. वाचता त्यालाही येत होतं, पण सरकारी वस्तू पहिल्यांदा फकीहानं वाचलेली बरी, असं त्याचं मत होतं.

सी अय्याद हे इगीरचे फकीह; 'सी' ही आमच्याकडे पुरुषाला मान देऊन हाक मारायची रीत. मशिदीत नमाज पढवणं, मयताच्या वेळी उभं राहणं आणि मशिदीला टेकून असलेल्या लांबट खोलीत पोरांकडून लाकडी फळ्यांवर कुराण घोटून घेणं, ही त्यांची कामं. पहिली दोन ते कर्तव्य म्हणून करत. तिसरं त्यांच्या जिवाचं होतं. सकाळी खोलीच्या दाराशी पोरांच्या चपला उलट्यापालट्या पडल्या की त्यांना बरं वाटायचं, आणि सुट्टीच्या दिवशी, चारही मुलं शहरात निघून गेलेल्या घरात, ते उगीच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. फकीहानं एखादी गोष्ट आवडते म्हणून करावी, हे आमच्याकडे जरा हलकंच समजतात.

आता सरकारनं ठरवलं होतं की शाळेआधीच्या पोरांना घोकंपट्टी नको, खेळ हवा. खोली तीच राहणार होती. शिक्षक मात्र शिकलेला हवा होता आणि इगीरच्या चढावर यायला शिकलेलं कुणी तयार नव्हतं. म्हणून सी अय्यादांनाच बाजारगावी प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं ते पहिल्या रांगेत बसले आणि एकही शब्द त्यांनी कानाआड केला नाही. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. मागच्या रांगेत बसून पेंगले असते तर काही बिघडलं नसतं.

"काय लिहिलंय?" लहबीबनं विचारलं.

"रुक्न, पुस्तकांचा," सी अय्यादांनी पहिलं खोकं वाचलं. "रुक्न, ठोकळ्यांचा. रुक्न, रंगांचा. रुक्न, निसर्गाचा. रुक्न, भातुकलीचा."

"म्हणजे किती झाले?"

"पाच."

पाच म्हटल्यावर सी अय्यादांच्या कपाळावरची आठी गेली. आमच्या भाषेत कोपऱ्याला रुक्न म्हणतात, आणि धर्म ज्या पाच खांबांवर उभा आहे, त्या कलमा-नमाज-जकात-रोजा-हजलाही रुक्नच म्हणतात. सरकार काहीतरी नवंच खूळ आणणार अशी त्यांना धास्ती होती. पाच रुक्न म्हणजे सरकारला निदान मोजता येत होतं.

खोली मांडायला गिझलान आली. ती शहरातून येणारी पर्यवेक्षिका. डोंगरातल्या बऱ्याच गावांच्या बालवाड्या तिच्या अंगावर टाकलेल्या, त्यामुळे ती कायम बुटात खडा गेल्यासारखी चालायची, आणि पुष्कळदा खरंच गेलेला असायचा. तिनं कमरेवर हात ठेवून खोली बघितली.

"कोपरे चार आहेत," सी अय्याद म्हणाले. "आणि रुक्न पाच."

"रुक्न कोपऱ्यातच हवा असं काही नाही, सी अय्याद. भिंतीला लागून कुठंही मांडला तरी चालतो."

"मग त्याला रुक्न का म्हणायचं?"

गिझलानची पदवी बालशिक्षणातली होती, व्याकरणातली नव्हे. सी अय्यादांनी खोलीच्या मधोमध छताला आधार देणाऱ्या लाकडी खांबावर थाप मारली. "हाही रुक्नच. भातुकली इथं मांडू."

भातुकली खांबाशी गेली. पुस्तकांवरून मात्र थोडं वाजलं. पुस्तकं पोरांच्या हाताला येतील अशी खाली ठेवायची, असं गिझलानचं म्हणणं. पुस्तक माणसाच्या पायाच्या पातळीवर ठेवायचं नसतं, असं सी अय्यादांचं म्हणणं. "लल्ला गिझलान, तुम्ही शिकलेल्या आहात," ते म्हणाले. सी अय्याद खूश असले की तिला पोरी म्हणत आणि नाराज असले की लल्ला, म्हणजे बाईसाहेब. शेवटी असं ठरलं की पुस्तकं खालीच राहतील, पण त्या कोपऱ्यात पाय पुसून, मांडी घालूनच बसायचं. भातुकलीच्या खोक्यातून प्लॅस्टिकची किटली निघाली. सी अय्यादांच्या बायकोनं, रहमानं, ती उलटसुलट करून पाहिली आणि घरून जुनी पत्र्याची किटली आणि काचेचे ग्लास पाठवून दिले. पाहुण्याला प्लॅस्टिकमधून चहा कोण देतं, असं तिनं विचारलं.

मग पावसानं रस्ता खचला आणि गिझलानला काही आठवडे वर येता आलं नाही. आली तेव्हा दाराशी चपला ओळीनं लावलेल्या होत्या. आत पोरंही ओळीनं उभी होती. सगळ्यांचे हात धुतलेले, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. पहिला मुलगा ठोकळ्यांपाशी गेला, खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटला, ठोकळ्यांवर ठोकळे रचले, पाडले, उठला आणि रंगांकडे गेला. त्याच्या जागी मागचा आला. कुणी बोलत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं.

"तो काय पुटपुटला?" गिझलाननं विचारलं.

"इरादा. मी ठोकळ्यांच्या रुक्नाचा इरादा करतो. इराद्याशिवाय केलेलं धरत नाहीत."

निसर्गाच्या कोपऱ्यात इद्दर नावाचा एक गुबगुबीत पोरगा भिंगातून बदामाचं टरफल बघत होता. बघून झालं, तो उठला आणि पुन्हा ओळीच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

"हा परत का आला रांगेत?"

"परवा ताप होता, आला नाही. चुकलेला दिवस भरून काढतोय. पाचही रुक्न दोनदा."

गिझलान पोरांच्या खुर्चीवर बसली. खुर्ची पोरांच्या मापाची, त्यामुळे तिचे गुडघे हनुवटीशी आले. दाराजवळ तूदा गाल फुगवून बसली होती. तूदा म्हणजे लहबीबची नात. वय पाच, आणि आजोबांचं अध्यक्षपद पुढं चालवायला आत्ताच तयार.

"आणि हिला काय झालं?"

"तिचा दिवस बाद झाला. तिनं रंगांचा रुक्न गाळला." सी अय्यादांनी आवाज खाली आणला. "नमाजातला एक रुक्न गाळला तर सगळी नमाज बाद होते, हे तुम्हाला सांगायला नको. पण मी तिला विचारलं, मुद्दाम गाळलास की विसरलीस. विसरले म्हणाली. मग तेवढाच परत करायचा. सवलत आहे."

"मी मुद्दाम गाळला," तूदा म्हणाली.

"ते आता नको सांगूस," सी अय्याद म्हणाले.

गिझलानला हसू आलं असतं, पण ती रस्ताभर चालत आली होती. शिवाय पोरं रडत-बिडत नव्हती, उलट मोठ्या माणसांसारखी गंभीरपणे समाधानी होती. पोरांच्या आयाही खूश होत्या. बालवाडी म्हणजे नुसता खेळ, असं त्यांनी ऐकलं होतं, आणि इथं तर खेळाचं नावही नव्हतं.

"सी अय्याद," ती म्हणाली, "इथं रुक्न म्हणजे नुसता कोपरा. मुलानं हवं तिथं जायचं. हवं तेवढा वेळ बसायचं. कंटाळा आला की उठायचं."

"एखाद्यानं एक रुक्न गाळला तर?"

"गाळू दे."

"पाचही गाळले तर?"

"तरी चालेल."

"मग राहिलं काय?" सी अय्यादांनी हे टोमण्यानं विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

"निवड राहिली. मुलानं स्वतःहून केलेली. वसंतात तपासणीला लल्ला बहीजा येतील, त्या दुसरं काही बघणार नाहीत. मुलं आपल्या मनानं निवडतायत की नाही, एवढंच."

"आणि निवडत नसली तर?"

गिझलाननं भिंतीकडे बघून सांगितलं, कारण म्हातारा तिला आवडत होता. "तर खोली राहील, तुम्ही राहणार नाही. शहरातून एक मुलगी येईल. तिचं नावही ठरून गेलंय."

सी अय्यादांनी हिशेब केला. मशीद राहील, मयत राहतील, आणि भिंतीपलीकडे दुसऱ्याच कुणाच्या तरी दाराशी चपला पडतील. "पोरी, चहा घेणार का?" असं त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना समोर बसवलं आणि सांगितलं, "आजपासून रांग नाही. तुम्ही निवडायचं."

पोरं बसून राहिली.

"काय निवडू?" तूदानं विचारलं.

"तुला हवं ते."

"तुम्ही सांगा ना. मग मला तेच हवं असेल."

"मी सांगितलं तर ती निवड नाही."

"मग तुम्ही सांगू नका, नुसतं बघा तिकडं."

सी अय्यादांनी डोळे मिटून घेतले. एवढं करूनही पोरं हलेनात. सकाळ अशीच गेली. शेजारणीनं डोकावून पाहिलं आणि फकीह पोरांना ध्यान शिकवतायत असं गावात सांगितलं. शेवटी इद्दरला लघवीला लागली. तो बाहेर जाऊन आला, येताना खांबाशी थांबला आणि किटलीचं झाकण उघडून आत बघितलं. किटलीत काही नव्हतं. तरी त्यानं हात चांगला उंच नेऊन ग्लासात ओतलं, ओठांशी नेलं आणि म्हणाला, "साखर कमी आहे." मग कुणालाच बसवेना. अख्खी बालवाडी खांबाशी गोळा झाली.

आणि तिथंच राहिली. आमच्याकडे चहा करणं हा घरातल्या कर्त्या माणसाचा मान, त्यामुळे किटली कुणी धरायची यावरून मुलग्यांत हाणामाऱ्या झाल्या. तूदानं निकाल दिला की आज जो ओतेल तो उद्या पाहुणा, आणि पाहुण्यानं तोंड उघडायचं नाही. सगळी निवड आपल्या मनानं चालली होती, पण ती खांबाशीच. ठोकळ्यांवर धूळ बसली. रंग सुकले. पुस्तकांच्या कोपऱ्यात एक मांजर मांडी न घालता झोपू लागली.

सी अय्यादांना हे बघवेना. एक तरी माणूस नमाजाला उभा असला तर मशीद ओस म्हणत नाहीत, आणि इथं चार-चार रुक्न ओस पडले होते. पोरांना सांगायची सोय नव्हती. म्हणून एके दिवशी ते स्वतःच उठले, ठोकळ्यांच्या कोपऱ्यात गेले, अंगातला पायघोळ जेल्लाबा सावरून खाली बसले आणि ठोकळ्यावर ठोकळा ठेवला. लहानपणी त्यांच्या हातात खेळणं म्हणून काही आलं नव्हतं, फळीच आली होती. मनोरा कमरेएवढा झाला आणि पडला. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचं नवल वाटलं.

तूदा किटली सोडून आली. "सी, तुम्ही एकटेच?"

"मी निवडलंय हे."

"पण एकटेच?"

ती शेजारी बसली. मग इद्दर आला. मग किटली ओतणारा आला, कारण आता प्यायला कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सी अय्याद रंगांपाशी बसले, तर कोंबडीमागं पिल्लं यावीत तशी पोरं तिकडं आली. त्यानंतर पुस्तकं, त्यानंतर टरफलं. हिवाळाभर ते रोज ओस पडलेला कोपरा धुंडून तिथं जाऊन बसत आणि बघता बघता तो भरून जाई. हात निळे-हिरवे घेऊन ते मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजाला उभे राहिलेलेही गावानं बघितले.

गिझलान आली तेव्हा त्यांनी तिला अभिमानानं सांगितलं, "मी काही सांगत नाही. तोंडसुद्धा उघडत नाही. पोरं आपली आपण येतात."

गिझलान सकाळभर दाराशी उभी राहून बघत राहिली. जाताना म्हणाली, "सी अय्याद, ती कोपरे निवडत नाहीयेत. ती तुम्हाला निवडतायत."

हे ऐकून काळजी वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण रात्री. दिवसभर मात्र त्यांना इतकं सुख झालं होतं की मगरिबला ते कुराणाच्या एका सूरेत दोनदा अडखळले, आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना वाटलं की फकीह थकले.

बदामाचा बहर झडला आणि लल्ला बहीजा आल्या. जाडजूड, सावकाश, अत्यंत विनयशील बाई. लहबीबनं नवा जेल्लाबा घातला होता आणि चहा-बदामाचं ताट तयार ठेवलं होतं. आधी काम, मग चहा, असं म्हणून त्यांनी ताट परत पाठवलं. हे लहबीबला अपशकुनासारखं वाटलं.

त्या दिवशी ओस कोपरा निसर्गाचा होता. तिथं सी अय्याद टरफलं घेऊन बसले आणि पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसली. बाकीची खोली रिकामी. लल्ला बहीजांनी बराच वेळ बघितलं आणि मग इद्दरपाशी वाकल्या.

"बाळा, तू हा कोपरा का निवडलास?"

"सी इथं बसलेत."

"आणि तू?" त्यांनी तूदाला विचारलं.

"ते एकटे पडतात," तूदा म्हणाली.

लहबीबला खोकला आला. लल्ला बहीजांनी मान हलवली, अगदी सहानुभूतीनं. "सी अय्याद, थोडा वेळ बाहेर बसाल? तुम्ही नसताना मुलं कुठं जातात, तेवढं बघू."

सी अय्याद बाहेर आले आणि भिंतीला लागून असलेल्या दगडी ओट्यावर टेकले. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. आतून काही आवाज आला नाही. मग तूदा आली, हातात ग्लासांची थाळी. ती शेजारी बसली. तिच्यामागून इद्दर आला, सदऱ्याच्या ओच्यात ठोकळे घेऊन. मग एक रंगाचा डबा आला, मग तीन पुस्तकं आली, आणि ती धरून पोरंही आली. ओट्यावर जागा पुरेना तेव्हा जमिनीवर बसली. आत पाच रुक्न, एक तपासनीस, एक पर्यवेक्षिका आणि लहबीब एवढीच मंडळी उरली. निदान एक कोपरा तरी भरलेला दिसावा म्हणून लहबीब खांबाशी मांडी घालून बसला.

लल्ला बहीजा उंबऱ्यावर आल्या. "सी अय्याद, मुलांना काही सांगू नका हं. त्यांचं त्यांना ठरवू द्या."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत झाली. आत जा म्हणावं तर ती निवड नाही. न म्हणावं तर कोपरे रिकामे. सी अय्यादांनी गिझलानकडे पाहिलं. ती पायातल्या बुटांकडे बघत होती. पोरं त्यांच्याभोवती गर्दी करून बसली होती, एकाचं कोपर त्यांच्या मांडीवर होतं, आणि हेच आपल्याला हवं होतं, हेच आपल्याला इथून घालवणार, हे त्यांना सरळ दिसत होतं. ते उठले.

"कुठं निघालात?" तूदानं विचारलं.

"मशिदीत."

"वेळ झाली नाही अजून."

वेळ झाली नव्हती. सावली बघून वेळ ओळखायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. "मी आधीच चाललोय," ते म्हणाले.

"आम्ही येऊ?"

नको म्हणणं हाही हुकूमच झाला असता. सी अय्यादांनी जेल्लाब्याची सुरकुती काढली. "मला एकट्याला बसायचंय," ते म्हणाले. खोटं बोलू नये हे त्यांनी गावाच्या तीन पिढ्यांना घोकवलं होतं, आणि हे साफ खोटं होतं.

तूदानं त्यांचा चेहरा निरखला. "तुम्ही निवडलंय?"

"निवडलंय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. निवडीत कुणी लुडबुड करायची नाही हे हिवाळ्यातच ठरून गेलं होतं. तिनं थाळी उचलली.

मशिदीत कुणी नव्हतं. खोलीला लागून जी भिंत होती, तिला टेकून ते चटईवर बसले. भिंत मातीची, जाड, पण तिच्यातून काय ऐकू येतं आणि काय येत नाही हे त्यांना पाठ होतं. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग किटलीवरून भांडण झालं आणि तूदानं ते मिटवलं. मग ठोकळ्यांचा मनोरा कोसळला आणि पोरं हसली, म्हणजे दुसऱ्या कोपऱ्यातही कुणीतरी होतं. मग कुणीतरी चित्रांचं पुस्तक वाचायला लागलं. वाचता येत नव्हतं म्हणून ते कुराणाच्या चालीवर बदकाबद्दल काहीबाही म्हणत होतं. सी अय्याद आवाजावरून ओळखू लागले : इद्दर रंगांपाशी, भांडकुदळ जुळी टरफलांपाशी, तूदा सगळीकडे. पाचही भरले होते. आता कुणीतरी सी कुठंयत म्हणून विचारेल, असं त्यांना वाटत होतं. ते कान देऊन बसले. कुणी विचारलं नाही. त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटता वाटताच आत कुठंतरी चांगलंच दुखलं.

दुपारची वेळ झाली तेव्हा उठून त्यांनी अजान दिली. आवाज नेहमीसारखाच लागला.

नमाज आटोपून ते बाहेर आले तेव्हा गिझलान पायरीशी उभी होती. या गावात तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. आता ती हसत होती आणि ते तिला नीटसं जमत नव्हतं.

"झालं, सी अय्याद. मिळाली मंजुरी."

"खोलीला?"

"खोलीला आणि तुम्हालाही. लल्ला बहीजांना पोरांनी तीन ग्लास रिकामा चहा पाजला. तिन्ही पिऊन साखर बरोबर आहे म्हणाल्या." तिनं कागद उघडला. "ऐका शेरा. शिक्षक खोलीत नसतानाही मुले आपापल्या कोपऱ्यांत रमलेली असतात. शिक्षकास कायम करावे. सी अय्याद, असा शेरा माझ्या एकाही गावाला मिळालेला नाही. याच्याहून वरचा शेराच नसतो."

"पुन्हा वाचा," सी अय्याद म्हणाले.

तिनं पुन्हा वाचला. पहिलं वाक्य ऐकताना त्यांनी मान खाली घातली, आणि दुसऱ्या वाक्यालाही ती वर केली नाही. "अल्लाहचे आभार, लल्ला गिझलान," ते म्हणाले. खोलीच्या दाराशी आता चपला नव्हत्या. पोरं जेवायला घरी गेली होती.

घरी रहमानं ताजी रोटी आणि बदाम-मधाच्या अमलूची वाटी मांडून ठेवली होती. बदाम तिनं सकाळीच वाटले होते, मंजुरी मिळो न मिळो. लहबीबनं आरोळी ठोकून अख्ख्या गल्लीला बातमी दिली होती, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं.

"ठेवलं ना तुम्हाला?"

"ठेवलं."

"कायमचं?"

"कायमचं."

"मग सी, कुणी मेल्यासारखं तोंड का केलंय?"

सी अय्यादांनी रोटीचा तुकडा अमलूत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. बदामाचं तेल बोटांवरून मनगटावर ओघळलं. "का ठेवलं ते ठाऊक आहे?"

"का?"

"माझ्यावाचून त्यांचं अडत नाही म्हणून."

रहमानं त्यांचं मनगट पदरानं पुसलं. "आपल्या चौघा मुलांचं तरी कुठं अडतंय," ती म्हणाली, आणि रोटीचा दुसरा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला.